आजार उलटला की औषध चढले? उष्णतेच्या लाटेतील एका लिथियम-रुग्णाचे प्रकरण

प्रकरण कशाविषयी आहे

हवामानबदल आणि मानसिक आरोग्य हा विषय निघाला की चर्चा बहुधा पूर, वादळ किंवा वणव्यानंतर मनावर उरणाऱ्या ओरखड्यांची होते, नाहीतर भविष्याच्या काळजीने ग्रासलेल्या तरुणांची. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु ज्यांना आधीपासून गंभीर मानसिक आजार आहे आणि जे नियमित औषधांच्या आधारे अनेक वर्षे उत्तम आयुष्य जगत आहेत, त्यांच्यापर्यंत वाढते तापमान वेगळ्याच वाटेने पोहोचते. त्यांची झोप मोडते, घामावाटे क्षार जातात, मूत्रपिंडावर ताण येतो आणि काल गुणकारी असलेली गोळी आज घातक ठरू शकते. उष्णतेच्या लाटांमधील मृत्यूंविषयीच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आधीपासून मानसिक आजार असलेल्यांना मृत्यूचा धोका इतरांच्या तिपटीहून अधिक असल्याचे आढळले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2021 च्या लाटेत 619 माणसे उष्णतेने दगावली आणि त्यांतील जवळजवळ सर्व मृत्यू घरातच झाले. त्या प्रांतातील दीर्घकालीन आजारांच्या तपासणीत उष्णतेच्या मृत्यूशी सर्वांत ठळक संबंध दिसला तो स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचा, हृदयविकाराचा किंवा दम्याचा नव्हे.

पुढील प्रकरण द्विध्रुवीय विकार, म्हणजे बायपोलर आजार असलेल्या एका गृहस्थांचे आहे. या आजारात अतिउत्साहाचा उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येतात. ओळख पटू नये म्हणून वय, व्यवसाय आणि घरगुती तपशील यांत फेरफार केले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम मात्र तसाच ठेवला आहे. प्रस्तुत लेखक उपचार करणाऱ्यांपैकी नव्हता. नंतर झालेल्या आढाव्यात कागदपत्रे वाचण्याचे आणि कुटुंबीयांशी बोलण्याचे काम त्याच्याकडे होते.

पार्श्वभूमी

हे गृहस्थ पंचावन्न वर्षांचे असून एका मोठ्या गोदामात मालाच्या चढउतारीवर देखरेख करतात. गोदामाला पत्र्याचे छप्पर आहे, आणि त्यांचे राहते घर इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या गच्चीखाली आहे. तिशीत त्यांना उन्मादाचे दोन तीव्र झटके आले, त्यांसाठी दोनदा रुग्णालयात राहावे लागले, आणि दुसऱ्या झटक्यानंतर आलेल्या नैराश्यात त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला होता. पुढे मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम हे औषध सुरू झाले. त्याचा योग्य डोस बसल्यापासून अकरा वर्षांत त्यांना एकदाही दाखल व्हावे लागले नाही. रोज 900 मिलिग्रॅम लिथियम कार्बोनेट घेत असताना रक्तातील पातळी 0.7 मिलिमोल प्रति लिटरच्या आसपास असे, आणि ही पातळी दीर्घकालीन उपचारासाठी योग्यच मानली जाते.

या स्थैर्याचा एक दुष्परिणाम झाला, तो असा की सर्वांनाच त्याची सवय झाली. लिथियम घेणाऱ्याची पातळी आणि मूत्रपिंडाचे कार्य साधारणपणे दर सहा महिन्यांनी तपासावे, असा संकेत आहे. या रुग्णाची शेवटची तपासणी लाटेच्या चौदा महिने आधी झाली होती. ‘चांगलं चाललंय ना, मग कशाला उगाच सुई टोचून घ्यायची,’ असे ते म्हणत, आणि दवाखान्यातही कोणी फारसा आग्रह धरत नसे.

लाट येण्याच्या महिनाभर आधी आणखी एक गोष्ट घडली, जी तेव्हा कोणालाच महत्त्वाची वाटली नाही. कामाच्या ठिकाणच्या आरोग्य तपासणीत त्यांचा रक्तदाब 146/92 निघाला. औषध इतक्यात नको, तूर्त मीठ कमी करा, असा सल्ला मिळाला आणि त्यांच्या पत्नीने तो कसोशीने पाळला.

लिथियम, मीठ आणि घाम यांचे नाते

पुढचे निर्णय कळण्यासाठी येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. लिथियम हा सोडियमच्याच कुळातला क्षार आहे आणि शरीरातून तो जवळजवळ संपूर्णपणे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. शरीरात पाणी आणि सोडियम पुरेसे असले की मूत्रपिंड लिथियमला सुखाने जाऊ देते. घामावाटे, जुलाबांवाटे किंवा अन्नातील मीठ कमी केल्यामुळे सोडियम घटले, की मूत्रपिंड ते वाचवण्याच्या खटाटोपाला लागते आणि सोडियमबरोबर लिथियमही परत ओढून घेते. गोळ्यांची संख्या तीच राहते, पण रक्तातील पातळी चढत जाते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके मूत्रपिंडातील रक्तप्रवाह कमी करून याच दिशेने भर घालतात. उपचाराची पातळी आणि विषबाधेची पातळी यांत अंतर थोडे आहे: 0.6 ते 1.0 ही उपयुक्त, तर 1.5 च्या पुढे विषबाधेची चिन्हे दिसू लागतात, आणि वृद्धांत ती त्याआधीही दिसतात.

ही माहिती नवीन नाही. 1949 मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा गुण दाखवून दिला. त्याच वर्षी अमेरिकेत हृदयरुग्णांसाठी मिठाला पर्याय म्हणून विकले जाणारे लिथियम क्लोराइड विषबाधा आणि मृत्यूंमुळे बाजारातून काढून घ्यावे लागले. बाधित झालेली ती माणसे मीठ वर्ज्य केलेलीच होती. म्हणजे हा धडा औषधाच्या जन्माइतकाच जुना आहे. त्याला आता हवामानाची जोड मिळाली आहे. औद्योगिकीकरणापूर्वी सरासरी दहा वर्षांतून एकदा येणारी तीव्र उष्णता आता सुमारे 2.8 पट वेळा येते आणि तापमानवाढ 1.5 अंशांवर पोहोचल्यास ती 4.1 पट वेळा येईल, असे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक तज्ज्ञमंडळाच्या सहाव्या अहवालात म्हटले आहे. जो अपघात पूर्वी डॉक्टरला क्वचित पाहायला मिळे, तो आता दर उन्हाळ्यात गृहीत धरावा लागेल.

लाटेचे दिवस

लाट सुरू झाली तेव्हा दिवसाचे तापमान 43 अंशांपर्यंत जात होते. त्याहून वाईट म्हणजे रात्रीही ते 31 च्या खाली उतरत नव्हते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री घरात उष्णता ओतत राही. गृहस्थांची झोप सहा-सात तासांवरून तीन-चार तासांवर आली. यात विशेष काही नव्हते, कारण गरम रात्री सगळ्यांचीच झोप खातात. मनगटी पट्ट्यांच्या आधारे 68 देशांतील माणसांची झोप मोजणाऱ्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार तापमानामुळे माणशी वर्षाला सुमारे 44 तासांची झोप बुडते. फरक इतकाच की इतरांची बुडालेली झोप दुसऱ्या दिवशी जांभयांवर निभावते, तर बायपोलर रुग्णात तीच उन्मादाची ठिणगी ठरू शकते, किंवा उन्मादाची पहिली खूणही असू शकते.

कामावर पाणी पिण्याचा सल्ला सर्वांना दिला होता आणि ते तो पाळत होते. पाळीभर मोठी बाटली पुन्हापुन्हा भरून घेत. येथे एक बारकावा आहे. त्यांना पाणी कमी पडत नव्हते, मीठ कमी पडत होते. सतत घाम, जेवणात मीठ नाममात्र आणि वर भरपूर साधे पाणी, असा तो मेळ होता. चौथ्या दिवसापासून डोके दुखू लागले, म्हणून त्यांनी दुकानातून आयबुप्रोफेन आणले आणि दिवसातून दोन-तीनदा घेऊ लागले.

पुढील आठवड्याचा सर्वांत बोलका पुरावा वैद्यकीय कागदपत्रांत नव्हता, गोदामाच्या आवक-जावक नोंदवहीत होता. प्रत्येक गाडीपुढे त्यांची सही असे. लाटेच्या आधीच्या पानांवर सही वळणदार आणि एका झटक्यात केलेली दिसते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून तिच्या कडा दातेरी होऊ लागतात, आठव्या दिवशी अक्षरे रकान्याच्या बाहेर सांडतात, आणि दहाव्या दिवशी रकान्यात उरते ती केवळ एक वेडीवाकडी रेघ. लिथियमने हाताला बारीक कंप सुटणे नेहमीचे असते, पण तो जाडाभरडा होऊ लागला तर ती विषबाधेची सूचना समजतात. ती सूचना रोज लिहिली जात होती, मात्र ती वाचू शकणाऱ्या माणसापर्यंत वही जाण्याचे काही कारणच नव्हते.

पहिला निर्णय: एक दूरध्वनी

सातव्या दिवशी पत्नीने मानसोपचाराच्या दवाखान्यात दूरध्वनी केला. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते आणि त्यांच्या जागी असलेल्या डॉक्टरांनी फोन घेतला. पत्नीने सांगितले, ‘डॉक्टर, हे चार रात्री झोपलेले नाहीत. क्षुल्लक गोष्टीवरून चिडतात. हातही थरथरतात. मला पूर्वीसारखीच भीती वाटते आहे.’ त्यांच्या दृष्टीने हे अगदी ओळखीचे चित्र होते, कारण आधीचे दोन्ही झटके झोप उडण्यापासून आणि चिडचिडीपासूनच सुरू झाले होते.

डॉक्टरांपुढे तीन पर्याय होते. पहिला, आजार उलटतो आहे असे धरून डोस वाढवणे. दुसरा, औषध आहे तेवढेच ठेवून त्याच दिवशी रक्त तपासणे. तिसरा, रात्रीपुरते झोपेचे औषध देऊन दोन दिवस वाट पाहणे. त्यांनी पहिला निवडला आणि लिथियम 1200 मिलिग्रॅम करायला सांगितले. ‘हात थरथरतात’ हे वाक्य नोंदीत उतरले आहे, पण त्यापुढे काही विचारल्याचे दिसत नाही. घर किती तापते, जेवणात काय बदलले, दुसरी कुठली गोळी सुरू आहे का, जुलाब किंवा उलट्या होतात का, शेवटची पातळी केव्हा तपासली, या पाचही प्रश्नांना मिळून दोन मिनिटे पुरली असती.

त्या डॉक्टरांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण त्यातून काही हाती लागत नाही. उन्मादाच्या इतिहासाच्या माणसाची झोप उडाली की तातडीने पाऊल उचलावे, हे शिक्षण योग्यच आहे, आणि तसे न केल्याने घरे उद्ध्वस्त झालेली प्रत्येक मानसोपचारतज्ज्ञाने पाहिलेली असतात. चूक घाईची नव्हती. उन्मादाची झोप आणि उकाड्याची झोप यांतला फरक विचारलाच गेला नाही, ती खरी त्रुटी. उन्मादात माणूस कमी झोपूनही ताजातवाना असतो, त्याला झोपेची गरजच भासत नाही. हे गृहस्थ मात्र दमून गळून गेले होते आणि झोपायला तरसत होते. ‘सकाळी उठल्यावर कसे वाटते?’ एवढ्या एका प्रश्नावर निदान दुसरीकडे वळू शकले असते.

दहावा आणि अकरावा दिवस

वाढीव डोसनंतर जुलाब सुरू झाले. ते बाहेरच्या पाण्याने झाले असावेत, असे घरच्यांना वाटले. दहाव्या दिवशी गोदामात त्यांचा तोल गेला, बोलताना जीभ जड झाली, आणि वरिष्ठांनी ते दारू पिऊन आल्याचे समजून चार लोकांसमोर त्यांना घरी पाठवले. त्यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही. पुढे बरे झाल्यावरही त्यांच्या मनाला सर्वाधिक लागून राहिलेली गोष्ट हीच होती.

अकराव्या दिवशी सकाळी धाकट्या भावाने दूरध्वनीवर त्यांचा आवाज ऐकला आणि तो थेट घरी आला. ‘वहिनी, हे डोक्याचं नाही वाटत मला. दादाला चालताच येत नाहीये,’ असे म्हणून त्याने त्यांना मानसोपचाराच्या दवाखान्यात न नेता सर्वसाधारण रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात नेले. या प्रकरणातील पहिला अचूक निर्णय त्याचा आहे, आणि त्याने तो कोणत्याही वैद्यकीय ज्ञानाशिवाय, केवळ आधीच्या झटक्यांत दादा धावत सुटे आणि आज त्याला उभे राहता येत नाही एवढ्या निरीक्षणावर घेतला.

दुसरा निर्णय: डायलिसिस करावे का

आपत्कालीन विभागात आधी उष्माघाताचा संशय आला, पण शरीराचे तापमान 37.9 अंश होते आणि ते त्या निदानाशी जुळत नव्हते. पत्नीने पिशवीतून गोळ्यांची सगळी पाकिटे टेबलावर ठेवली, त्यांत लिथियमशेजारी आयबुप्रोफेनही होते. तेथील डॉक्टरांनी पातळी मागवली, ती 2.4 आली. मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन 1.9 होते, चौदा महिन्यांपूर्वी ते 1.1 होते.

लिथियमला उतारा नाही. पोटातील विष शोषून घेणारा कोळसाही त्याला बांधत नाही. उपाय दोनच: शिरेतून द्रव देऊन मूत्रपिंडाला काम करू देणे, किंवा डायलिसिस. हळूहळू साचलेल्या विषबाधेत केवळ आकड्यावर विसंबता येत नाही, कारण मेंदूत शिरलेले लिथियम सावकाश बाहेर येते आणि रक्तातील पातळी उतरल्यावरही लक्षणे मागे राहतात. अशी बाधा लांबली तर तोल आणि बोलणे कायमचे बिघडण्याचा धोका असतो. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या 2015 च्या शिफारशींनुसार रुग्ण गोंधळलेला असेल, किंवा पातळी 1.0 च्या खाली यायला 36 तासांहून अधिक लागतील असे दिसत असेल, तर डायलिसिसचा विचार करावा. हे रुग्ण सुस्त आणि काहीसे गोंधळलेले होते, पण हाक मारल्यावर उत्तर देत होते.

मूत्रपिंडविकारतज्ज्ञांनी मधला मार्ग काढला. सलाइन सुरू करून दर सहा तासांनी पातळी पाहायची, आणि उतरण्याचा वेग मंद वाटला किंवा शुद्ध थोडी जरी हरपू लागली तर विनाविलंब डायलिसिस करायचे, असे ठरले. यंत्र आणि माणसे तयार ठेवली गेली. सहा तासांनी 2.1, बारा तासांनी 1.7, चौतिसाव्या तासाला 0.9 अशी पातळी उतरत गेली. दुसऱ्या दिवशी मात्र रक्तातील सोडियम 149 पर्यंत चढले. दीर्घकाळ लिथियम घेणाऱ्यांत मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची शक्ती क्षीण होते, पातळ लघवी पुष्कळ होत राहते आणि अशा वेळी सलाइनचा मारा उलटा पडू शकतो. वेळीच द्रव बदलला गेला. आढाव्यात या निर्णयावर दोन मते पडली. लेखकाच्या मते गोंधळलेल्या रुग्णात सुरुवातीलाच डायलिसिस करणे अधिक सुरक्षित होते, परंतु बारा तासांच्या आकड्यांनंतर थांबण्याचा निर्णय समर्थनीय ठरतो.

दाखल झाल्यापासून सहाव्या दिवशी ते घरी आले. चाल दोन आठवड्यांत सुधारली, हाताचा कंप जायला तीन आठवडे लागले.

तिसरा निर्णय: लिथियम पुन्हा द्यावे का

रुग्णालयाच्या कागदावर ‘लिथियम बंद’ एवढेच लिहिले होते. अशा वेळी ते बंद करणे योग्यच होते. पण केव्हापर्यंत आणि त्याऐवजी काय, हे कोणी ठरवायचे याचा उल्लेख त्यावर नव्हता. वर्षानुवर्षांचे लिथियम एकाएकी थांबले तर पुढच्या काही महिन्यांत आजार उलटण्याचा आणि आत्महत्येचाही धोका वाढतो. नेहमीचे मानसोपचारतज्ज्ञ रजेवरून परतल्यावर त्यांनी रात्री क्वेटायापिन हे मनोविकारावरील दुसरे औषध सुरू केले. तरीही चौथ्या आठवड्यात गृहस्थांचे बोलणे वाढले, रात्री दोनला उठून ते कपाटे आवरू लागले, आणि तीन तास झोपूनही ‘एकदम झकास’ वाटते असे सांगू लागले. लाट केव्हाच ओसरली होती. झोप उडणे आणि चिडचिड ही तीच दोन लक्षणे पुन्हा आली होती, आणि या वेळी तो खरोखरच आजार होता.

आता निवड करणे भाग होते. व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या मनःस्थिती-स्थिरकावर जाता आले असते; त्यात घामाचा आणि मिठाचा प्रश्न नाही, पण तिशीत ते औषध या रुग्णाला लागू पडले नव्हते. फक्त क्वेटायापिनवर राहता आले असते, परंतु चालू डोसवर ते अपुरे पडत असल्याचे समोर दिसत होते. शिवाय मनोविकारावरील अशी अनेक औषधे शरीराची उष्णता-नियमनाची यंत्रणा मंदावतात किंवा उठताना रक्तदाब उतरवतात, म्हणजे उष्णतेचा प्रश्न त्यांनीही पूर्ण सुटत नाही. तिसरा पर्याय म्हणजे कमी डोसवर लिथियम पुन्हा सुरू करणे.

पत्नीचा त्याला ठाम विरोध होता. त्यांनी ते औषध नवऱ्याला जवळजवळ संपवताना पाहिले होते. गृहस्थांचे म्हणणे उलट होते: याच औषधाने अकरा वर्षे नोकरी आणि संसार टिकवला, आणि त्याआधीचे दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो. डॉक्टरांनी दोघांना एकत्र बसवून दोन्ही बाजूंचे धोके आकड्यांशिवाय, साध्या शब्दांत मांडले. आत्महत्येपासून संरक्षणाचा पुरावा लिथियमइतका भक्कम दुसऱ्या कुठल्याही मनःस्थिती-स्थिरकाचा नाही, आणि या रुग्णाचा इतिहास पाहता ती बाब निर्णायक ठरली. मूत्रपिंडाचे कार्य थोडे घटून स्थिर झाले होते, पण औषध वर्ज्य ठरावे इतके नाही. पत्नीने अखेरीस होकार दिला तो एका अटीवर: उन्हाळ्यात काय करायचे हे कागदावर हवे, आणि ते तोंडी सांगितलेले चालणार नाही. ही अट नसती तर पुढची योजना इतकी नेटकी झाली नसती, असे डॉक्टर स्वतः म्हणतात.

उन्हाळ्याची योजना

लिथियम 300 वरून 600 मिलिग्रॅमपर्यंत नेऊन पातळी 0.55 ते 0.6 दरम्यान ठेवण्यात आली. रक्ताची तपासणी उन्हाळा लागण्याआधी, लाटेचा इशारा मिळाल्यानंतर आठवड्याभरात आणि एरवी दर तीन महिन्यांनी, असे ठरले. नमुना नेहमी शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी घ्यायचा, नाहीतर आकड्यांची तुलना निरर्थक होते. डोकेदुखीसाठी फक्त पॅरासिटामॉल घ्यायचे. जेवणातील मीठ अचानक कमी किंवा जास्त करायचे नाही. रक्तदाबासाठी औषध लागलेच, तर लिथियमची पातळी वाढवणारी थायझाइड मूत्रल औषधे टाळून दुसरे निवडायचे, आणि तेही मानसोपचारतज्ज्ञांना कळवून. जुलाब, उलट्या, जाडाभरडा कंप किंवा तोल जाणे यांपैकी काहीही दिसले तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी दूरध्वनी करून रक्त तपासायचे. पुन्हा केव्हा सुरू करायचे ते मात्र डॉक्टर सांगतील, घरी ठरवायचे नाही.

कंप ओळखण्याची युक्ती नोंदवहीवरूनच सुचली. रोज सकाळी एका वहीत सही करायची आणि शेजारी गोल गोल वाढत जाणारा शंखाकार काढायचा. मज्जाविकारतज्ज्ञ कंप तपासण्यासाठी हीच चाचणी वापरतात. तिला खर्च नाही आणि घरातल्या कोणालाही ती वाचता येते.

मनाचा भाग याहून अवघड गेला. गृहस्थ दिवसातून अनेकदा हवामानाचा अंदाज पाहू लागले होते, तापमान चढणार असे दिसले की आदल्या रात्रीच झोप उडे, आणि उडालेली झोप हा आजार आहे की धास्ती आहे याची दुसरी चिंता तिच्यावर बसे. समुपदेशकांनी अंदाज पाहणे बंद करायला सांगितले नाही, कारण ही भीती निराधार नव्हती. अंदाज संध्याकाळी एकदाच पाहायचा आणि आकडा ठरावीक मर्यादेपुढे असेल तर कागदावरची कृती करायची, म्हणजे भावाच्या तळमजल्यावरील घरी झोपायला जायचे आणि पहाटेची पाळी मागून घ्यायची, असा क्रम बसवला. हाताला काम मिळाल्यावर धास्ती पुरती गेली नाही, पण तिला मर्यादा पडली. दारूच्या आरोपाविषयी ते पुष्कळ काळ बोललेच नाहीत. शेवटी त्यांच्या संमतीने डॉक्टरांनी वरिष्ठांना आजाराचे नाव न घेता, औषधाच्या दुष्परिणामाने तोल गेला होता असे पत्र दिले. वरिष्ठांनी खासगीत दिलगिरी व्यक्त केली. ज्या चार लोकांसमोर अपमान झाला होता त्यांच्यासमोर मात्र नाही.

पुढच्या उन्हाळ्यात काय झाले

पुढील उन्हाळ्यात दोन लाटा आल्या. पहिलीत सगळे कागदाप्रमाणे झाले आणि पातळी 0.6 राहिली. दुसरीत भावाच्या घरी पाहुणे असल्याने गृहस्थ तीन रात्री स्वतःच्याच घरी झोपले, शंखाकार थोडा थरथरलेला दिसला, म्हणून पत्नीने दूरध्वनी केला. या वेळी फोन उचलणाऱ्याजवळ प्रश्नांची यादी होती. पातळी 0.9 निघाली, दोन दिवस डोस निम्मा केला आणि दाखल करण्याची वेळ आली नाही. उन्मादाचा झटका आला नाही. पत्नीची स्वतःची झोप मात्र अजून उन्हाळ्यात तुटक असते. नवऱ्याचा श्वास ऐकत त्या जाग्या राहतात. या प्रकरणात त्यांच्याकडे कोणी रुग्ण म्हणून पाहिलेच नाही, ही उणीव आढाव्यात उशिरा लक्षात आली आणि त्यानंतर त्यांना समुपदेशन सुरू झाले.

काय वेगळे करता आले असते

सातव्या दिवशी रक्त तपासले असते तर रुग्णालय टळले असते, हे उघड आहे. पण त्याहून मागे जायला हवे. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगणाऱ्याने चालू औषधे विचारली नाहीत. आयबुप्रोफेन देणाऱ्या दुकानदाराला लिथियमची माहिती असण्याचा संभव नव्हता. उष्णतेचा इशारा सर्वांना गेला, त्यात वृद्ध, लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांचा उल्लेख होता. मानसिक आजाराची औषधे घेणाऱ्यांचा नव्हता. प्रत्येकाने आपापल्या चौकटीत बरोबर सल्ला दिला आणि ते सगळे सल्ले एकाच मूत्रपिंडावर येऊन पडले. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पाहणी केलेल्या 95 देशांपैकी अवघ्या 9 देशांनी आपल्या आरोग्य व हवामानविषयक योजनांत मानसिक आरोग्याचा समावेश केला होता. या प्रकरणात ती उणीव एका माणसाच्या पातळीवर दिसते.

दवाखान्याने केलेला बदल साधा आहे. लिथियम घेणाऱ्या सर्व रुग्णांची वेगळी यादी झाली असून उन्हाळ्याआधी प्रत्येकाला तपासणीसाठी बोलावले जाते, आणि दूरध्वनीशेजारी ते पाच प्रश्न व ‘सकाळी उठल्यावर कसे वाटते?’ हा सहावा, असा तक्ता लावला आहे. क्वेटायापिन, क्लोझापिन किंवा घाम रोखणारे ट्रायहेक्सिफेनिडिल घेणाऱ्यांसाठी अशी यादी अजून झालेली नाही, आणि लेखकाच्या मते ती लिथियमच्या यादीइतकीच निकडीची आहे.

दोन प्रश्न सुटायचे आहेत. पहाटेच्या पाळीची सवलत तोंडी आहे, वरिष्ठ बदलले तर ती राहील याची शाश्वती नाही. आणि मूत्रपिंडाचे कार्य आणखी घटले तर लिथियम केव्हा थांबवायचे, याची मर्यादा अजून आखलेली नाही. त्यावर मूत्रपिंडविकारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि दोघे पतिपत्नी यांची एकत्र बैठक उन्हाळा लागण्यापूर्वी ठरली आहे.